नखाचा रंग

मांडववाल्यानं लाल खुर्च्या सकाळी साडेनऊला उतरवल्या. साठ सांगितल्या होत्या, त्यानं पन्नासच आणल्या. मुलगा सागर घरी नव्हता, म्हणून मीच फाटकात उभा राहून त्याच्याशी हुज्जत घालत होतो. तेवढ्यात मागं अंगणात धडाधड आवाज झाला.

खुर्च्या एकात एक घालून त्यानं दहा-दहाच्या चळती लावल्या होत्या. माझी नात क्षितिजा त्यातल्या एकीवर चढून बसली होती. रीमानं ओट्यावरून पाहिलं आणि "उतर गो, उतर" म्हणेपर्यंत चळत तिरकी झाली. पोर उजव्या हातावर पडली. तिच्या अंगावर तीन खुर्च्या.

मी धावलो. ती रडत नव्हती. तोंड पांढरं पडलं होतं, आणि उजवा हात डाव्या हातानं पोटाशी धरला होता.

"आबा, हात," एवढंच म्हणाली.

माझ्या बायकोचं, बायजाचं वर्षश्राद्ध दुसऱ्या दिवशी होतं. सागर सामान आणायला कल्याणला गेला होता. सूनबाई मेघाली राहनाळला एका गोडाऊनच्या ऑफिसात काम करते, आलेला-गेलेला माल कम्प्युटरवर भरते. तिला दुसऱ्या दिवसाचीच रजा मिळाली होती. घरात मी, कोन गावाहून दोन दिवस आधी आलेली माझी मुलगी रीमा, आणि माझी थोरली बहीण सीताबाय, एवढेच होतो.

सीताबाय पायाळू आहे, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली. अशा माणसाच्या हातापायाला गुण असतो असं आमच्याकडे मानतात. पाठीत उसण भरलेले, पाय मुरगळलेले लोक अजून तिच्याकडे येतात. तिनं क्षितिजाला माझ्या मांडीवरच बसवलं आणि मनगट बोटांनी चाचपलं. पोर किंचाळली.

"बोटं हालव बघू, बाय," सीताबाय म्हणाली.

क्षितिजानं हळूच बोटं हलवली.

"बघ. हालतात. मंजे हाड न्हाय मोडला. मुरगळलाय नुसता. रीमे, तेल कोमट कर, मीठ टाक त्यात."

"मोठ्या आत्या, एकदा एक्सरे काढून आणू ना," रीमा म्हणाली. "रिक्षानं पंधरा मिनिटं लागतील."

"तू सातवीत माडावरनं पडलीस तवा कोणी काढला व्हता एक्सरा? मीच चोळला ना? आज भाकरी थापतेस ना त्याच हातानं?"

"थापते. पण पाऊस आला की दुखतो तो हात."

"पाऊस आला की माजा सगळा अंग दुखतो. म्हनून रोज डाक्टर करू?"

रीमानं माझ्याकडं पाहिलं. मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "चोळ, सीताबाय. बघू जरा."

ती परवानगी मी दिली. पुढं जे झालं ते तिथून झालं. ते मी कुणावर ढकलणार नाही.

क्षितिजाच्या त्याच हातात चांदीचं कडं होतं. माझ्या आईचे तोडे होते, ते बायजाला मिळाले. बायजानं गेल्या वर्षी त्यातला एक मोडून नातीला भरीव कडं करून घेतलं. साबणाचा हात लावून स्वतः तिच्या हातात चढवलं आणि म्हणाली, "आता हा तुज्या लग्नालाच निघंल." त्यानंतर दीड महिन्यात ती गेली. पोरीनं ते कडं आंघोळीलासुद्धा काढलं नव्हतं.

रीमा म्हणाली, "बाबा, निदान कडं तरी काढू. हात सुजला तर अडकेल."

"नको," मी म्हणालो. "ऱ्हाऊ दे."

"साबण लावते, निघेल."

"तुज्या आयनं घातलाय तो, रीमे."

सीताबायनं मान हलवली. "चांदी थंड असते. सूज वढून घेल. ऱ्हाऊ दे."

आदल्याच दिवशी त्या तोड्यांवरून तिनं मला टोमणा मारला होता. आईचे तोडे मुलीला नाही, सुनेच्या नातीला, असं काहीतरी. पण त्या वेळी आम्ही दोघं भाऊ-बहीण एका बाजूला होतो आणि रीमा एकटी पडली. तिनं तेल कोमट करून आणलं.

चोळताना पोर इतकी ओरडली की शेजारची माधवी कुंपणापर्यंत येऊन गेली. मग सीताबायनं हळदीचा लेप दिला आणि जुन्या लुगड्याची पट्टी तळहातापासून कोपरापर्यंत घट्ट आवळली. कडं पट्टीच्या आत गेलं. क्षितिजा हुंदके देत शांत झाली. मी तिला श्राद्धासाठी केलेल्या बुंदीच्या लाडवांतला एक दिला.

"मेघालीला फोन करते," रीमा म्हणाली.

"नको. ड्युटीवर हाय ती."

आमच्या घराची ही जुनी सवय आहे, ती इथं सांगायला हवी. मी सत्तावीस वर्षं कापडाच्या लूमवर फिटर होतो. लूमच्या खटखटीत काही ऐकू येत नाही. शिफ्ट चालू असताना कुणी शेडच्या दारात येऊन नाव पुकारलं तर सगळे कारागीर मान वर करायचे, कारण निरोप एकाच गोष्टीचा असायचा. माझा बाप गेला तेव्हा मला असंच बोलावलं होतं. तेव्हापासून आमच्याकडं ड्युटीवरच्या माणसाला निरोप धाडत नाहीत. पुढं मोबाइल आले तरी ते तसंच राहिलं. घरी आल्यावर सांगू, असं म्हणायचं.

बायजाच्या छातीत चार दिवस दुखत होतं तेव्हा ती हेच म्हणाली होती. "सागरला सांगू नका. ड्युटीवर हाय." आणि मी सांगितलं नव्हतं.

रीमानं काय केलं ते तिनं मला नंतर सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली, तांदूळ निवडायला बसली. खडे दिसेनात. बाहेर क्षितिजा माझ्या खाटेवर पडून मोबाइलवर कार्टून बघत होती. तास-दीड तासानं रीमा तिला पाणी द्यायला आली.

"दुखतं का गं?"

"आता नाही दुखत एवढं."

"मग बरं."

"रीमाआत्या, माझी बोटं झोपली."

"म्हणजे?"

"झोपली. उठतच नाहीत."

रीमानं पट्टीबाहेर आलेली बोटं हातात घेतली. ती थंड होती. जाड झाली होती आणि निळसर दिसत होती. तिनं चिमटा काढला. क्षितिजानं कार्टूनमधल्या मांजराकडं बघावं तसं आपल्या बोटाकडं पाहिलं, जणू ते तिचं नव्हतंच.

रीमा मला म्हणाली, "बाबा, तेव्हा मी तुम्हाला हाक मारणार होते. तोंड उघडलं होतं. पण तुम्ही परत 'बघू जरा' म्हणाला असता. आईच्या वेळी मला चौथ्या दिवशी कळलं. मी कोनला तुमच्यापासून अर्ध्या तासावर होते, आणि मला चौथ्या दिवशी कळलं." ती पाण्याच्या टाकीमागं गेली आणि तिथून मेघालीला फोन लावला.

मेघालीनं पहिला फोन उचलला नाही. तिच्यासमोर ट्रकवाला मालाची बिल्टी घेऊन उभा होता. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं रीमाचं नाव पाहिलं आणि ट्रकवाल्याला तसंच सोडून फोन घेतला. ती कल्याणच्या घरातली आहे, त्यांच्याकडं दिवसातून दहा फोन होतात. पण आठ वर्षांत तिला आमची सवय माहीत झाली होती. ती म्हणाली, "मला वाटलं, बाबा गेले." हे तिनं मला तोंडावर सांगितलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

"रीमाताई, काय झालं?"

"वहिनी, क्षितिजा पडली. हाताला लागलंय. बोटं थंड पडलीत. तू ये."

"कधी पडली?"

रीमानं टाकीआडून ओट्याकडं पाहिलं.

"ताई, कधी पडली?"

"साडेनऊ-पावणेदहाला."

मेघालीनं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. साडेबारा वाजले होते. ती साहेबांना न विचारता स्कूटी घेऊन निघाली. राहनाळहून आमच्या शेलार गावी यायचं म्हणजे अख्खी भिवंडी ओलांडायची. नाक्यावर दोन ट्रेलर वळणात अडकले होते आणि कुणी मागं घ्यायला तयार नव्हतं. ती एकाच्या काचेवर हेल्मेट आपटत ओरडली, "भैया, मेरी बच्ची है!" त्याला काही कळलं नसणार, पण त्यानं गाडी मागं घेतली.

घरी आली तेव्हा तिनं चप्पल काढली नाही. सरळ खाटेपाशी गेली, बोटं पाहिली आणि पट्टीच्या गाठीला हात घातला.

"गाठ नको सोडू," सीताबाय म्हणाली. "सांजपर्यंत ठेवायची असते."

"आत्या, बाजूला व्हा."

"मी शंभर हात बसवलेत, पोरी."

"हा माझ्या मुलीचा आहे."

गाठ सुटेना. मेघालीनं विळी शोधत न बसता दातांनी पट्टी फाडली. आतलं मनगट पाहिलं आणि तिनं माझ्याकडं तोंड केलं. हात मनगटाच्या जरा वर वाकडा होता. मनगटाच्या दोन्ही बाजूंना मांस वर आलं होतं आणि कडं मध्ये रुतून बसलं होतं. ते वरून जेमतेम दिसत होतं.

"बाबा, हे कुणी काढलं नाही?"

"मी म्हनलो, ऱ्हाऊ दे."

"आणि मला फोन?"

"ड्युटीवर व्हतीस."

मेघालीनं पट्टी खाली टाकली. क्षितिजाला उचलून निघाली. रीमा रिक्षा थांबवून उभीच होती. तिनं पोरीचा हात उशीवर ठेवून उंच धरला, आणि दोघी बसल्या. नणंद-भावजयीचं कधी फारसं पटलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्यात एकही शब्द न बोलता सगळं ठरलं होतं. मी रिक्षावाल्याच्या शेजारी अर्ध्या सीटवर बसलो. मला कुणी ये म्हणालं नव्हतं.

वाटेत मेघालीनं सागरला फोन लावला. मागून तिचं बोलणं मला ऐकू येत होतं. "हो, तिथंच ये. नाही, मला आत्ता कळलं. तुझ्या घरात कधी कळतं काही?" मग थोडं थांबून, हळू, "मी तिला उद्याच्यानंतर आईकडं नेणार आहे, सागर. मी विचारत नाहीये. सांगतेय."

क्षितिजा तिच्या आईची मुलगी आणि सागरची मुलगी आहे, हे मला माहीत आहे. पण बायजा गेल्यापासून मी सकाळी उठायचो ते तिची वेणी घालायला. वाकडी घालायचो. शाळेत पोरी हसायच्या, तरी ती माझ्याकडूनच घालून घ्यायची. रिक्षाच्या दांडीला धरून मी बसलो होतो, आणि मला दोन गोष्टींची भीती वाटत होती. एक, पोरीचा हात जाईल. दुसरी मी तेव्हा मनातसुद्धा नीट म्हटली नाही, कारण पहिलीपुढं तिला तोंड वर करायचा हक्क नव्हता.

हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना शहरात एका गल्लीत आहे, खाली मेडिकल, वर सहा खाटा. डॉक्टर चाळिशीचे असतील. त्यांनी बोटं दाबली, मनगटाच्या आतली नस शोधली, आणि नर्सला म्हणाले, "कटर आणा."

त्यांच्याकडं बोटातली अंगठी कापायचं छोटं कटर होतं. नर्सनं ते फिरवलं. भरीव चांदी होती. कटरचं चाक दोनदा घसरलं आणि तिसऱ्यांदा त्याचा दात मोडला. साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला. कडं हलेना. पोर आता रडतही नव्हती.

"सकाळी साबण लावला असता तर दोन मिनिटांत निघालं असतं," डॉक्टर म्हणाले. ते कुणाला उद्देशून म्हणाले नाहीत.

"हात वाचेल ना?" मेघालीनं विचारलं.

"हे आधी निघू दे. एक्सरे नंतर. रक्त अडकलंय. जितका वेळ जाईल तितकं वाईट. सोनाराला बोलावतो, पण दुपारची वेळ आहे, दुकान बंद असेल."

बाहेरून लूमचा आवाज येत होता. गल्लीच्या टोकाला शेड होती. तो आवाज मी दवाखान्यात शिरल्यापासून ऐकत होतो, पण तो माझ्या डोक्यापर्यंत तेव्हा पोचला.

"मी आनतो," मी म्हणालो. "पाच मिनटं."

"बाबा, तुम्ही कुठं निघालात?" रीमा म्हणाली. मी उत्तर द्यायला थांबलो नाही.

शेडमध्ये फिटर म्हाताराच होता, माझ्याच वयाचा. मी त्याच्या कानाशी ओरडलो, "चाचा, आरी का पत्ता चाहिए. नया. और टूटी हुई फणी है क्या?"

फणी म्हणजे लूमची कंगव्यासारखी चौकट. तिच्यात पोलादाच्या पातळ पट्ट्या असतात आणि धागे त्यांच्यामधून जातात. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किस लूम पे हो, भाई?"

"अब नहीं हूँ. पोती का हाथ फँसा है. कड़े में."

त्यानं चालू लूम बंद केला. बंद करायची गरज नव्हती, पण केला. कोपऱ्यातली मोडकी फणी घेऊन पक्कडीनं चार पट्ट्या खेचून काढल्या, आरीचं नवं पान कागदात गुंडाळलं आणि पट्ट्यांच्या कडा स्वतः कानशीनं घासून दिल्या. "चमड़ी के ऊपर रखोगे ना? धार नहीं रहनी चाहिए. जाओ."

डॉक्टरांनी पट्ट्या स्पिरिटमध्ये बुडवल्या. कडं आणि कातडी यांच्यामध्ये त्यांनी एक पट्टी सरकवली, मग तिच्यावर दुसरी. क्षितिजानं तेव्हा "आई गं" म्हटलं आणि आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं.

"कोण कापणार?" नर्सनं विचारलं.

"मीच कापतो," मी म्हणालो. "सत्तावीस वर्षं हेच केलंय."

मेघालीनं माझ्या हातांकडं पाहिलं. बायजा गेल्यापासून माझे हात थरथरतात. चहाच्या कपाचा आवाज बशीवर होतो, तो घरात सगळे ऐकतात. तिला ते माहीत होतं. ती म्हणेल, नको, असं मला वाटलं. तिनं क्षितिजाचं डोकं आपल्या पोटाशी दाबलं आणि म्हणाली, "कापा."

नर्स पाण्याची धार सोडत होती, कारण चांदी तापते. मी पान दोन बोटांत धरलं. पहिल्या चार-पाच ओढींना हात हलला. मग पान चांदीत बसलं, आणि एकदा बसल्यावर त्याला इकडं-तिकडं जायला जागा नव्हती. मी फक्त मागं-पुढं केलं. कडं करताना बायजा सोनाराच्या दुकानात दोन तास बसली होती. त्याला म्हणाली होती, "पोकळ नको हां, भरीव कर. पोकळ लवकर तुटतो." मला ते ऐकू येत होतं आणि मी कापत होतो.

पानाखाली खर्रकन पोलाद लागलं. एक बाजू झाली. एका बाजूनं उघडेल असं डॉक्टरांना वाटलं, पण ते वाकेना. हात फिरवून दुसऱ्या बाजूनं परत तेवढंच. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. रीमा म्हणते, अकरा मिनिटं.

कडं दोन तुकडे होऊन माझ्या हातात आलं. मनगटावर त्याच्या जागी खोल खाच होती, पांढरी.

डॉक्टरांनी क्षितिजाच्या मधल्या बोटाचं नख चिमटीत दाबलं आणि सोडलं. नख पांढरं झालं. ते बघत राहिले. आम्ही सगळे त्या एका नखाकडं बघत होतो. मग त्यांनी परत दाबलं. परत पांढरं. तिसऱ्या वेळी त्याच्या मुळाशी किंचित गुलाबी आलं, आणि हळूहळू वर सरकलं.

"येतंय," ते म्हणाले. "दाबल्यावर नख पांढरं होतं, सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी व्हायला पाहिजे. रक्त पोचतंय की नाही ते असं कळतं."

मी भिंतीला टेकलो. बायजाच्या शेवटच्या दुपारी त्या मोठ्या दवाखान्यात एक नर्स आली होती. तिनं बायजाच्या बोटाचं नख असंच दाबलं, सोडलं, पाहिलं. परत दाबलं. मग घड्याळाकडं पाहिलं आणि चादर सारखी करून गेली. मला वाटलं होतं, ती तिचा हात हातात घेऊन धीर देते आहे. मी तिला हात जोडले होते.

"आबा," क्षितिजा म्हणाली, "मुंग्या येतायत. खूप मुंग्या येतायत." आणि ती मोठ्यानं रडायला लागली. मेघालीही.

सागर आला तेव्हा एक्सरे झाला होता. मनगटाजवळचं हाड मोडलं होतं आणि जागेवरून सरकलं होतं. "चोळलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हणालो. "चोळल्यानं आणखी सरकलं असणार. भूल देऊन बसवावं लागेल. शेवटचं काय खाल्लंय तिनं, आणि कधी? खरं सांगा."

रीमाला माहीत नव्हतं. मेघालीला कुठून माहीत असणार. "बुंदीचा लाडू," मी म्हणालो. "अकराला. मग आणखी अर्धा, साडेअकराला." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यामुळं भूल साडेपाचपर्यंत देता येणार नव्हती, आणि तोपर्यंत पोर त्या मोडलेल्या हाडासकट पडून राहिली.

जिन्यात सागरनं मला गाठलं.

"बाबा, आईच्या वेळी मी तुम्हाला एक शब्द बोललो नाही."

"न्हाय बोललास."

"लोक म्हणाले, म्हातारा माणूस आहे, त्याची बायको गेलीय, त्याला काय बोलतोस. म्हणून नाही बोललो. चार दिवस, बाबा. मी काय चंद्रावर होतो? फोन उचलला नसता मी?"

"उचलला असतास."

"मग?"

शेडच्या दारात येणारा माणूस, मान वर करणारे कारागीर, हे मी त्याला काय सांगणार? मी फक्त मुठीतले कड्याचे दोन तुकडे त्याच्यापुढं धरले. तो त्यांच्याकडं बघत उभा राहिला. मग माझ्या शेजारी पायरीवर बसला. आम्ही साडेपाच वाजेपर्यंत तिथं बसलो, आणि त्यानं एकदा चहा आणून दिला.

हाड बसलं. प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत गेलं. सहा आठवडे सांगितले.

घरी आलो तेव्हा सीताबाय ओट्यावर बसली होती. पन्नासच्या पन्नास खुर्च्यांच्या चळती तिनं एकटीनं मोडल्या होत्या आणि अंगणात एकेक खुर्ची वेगळी मांडून ठेवली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. तिनं पोरीच्या प्लास्टरकडं पाहिलं, मग मेघालीकडं.

"बोटं हालत व्हती गो," ती म्हणाली. "मोडला असता तर हालली नसती, असा मी आजवर मानला."

मेघाली दमली होती. "मोडलं तरी हलतात, आत्या. डॉक्टरांनी सांगितलं."

सीताबायनं मान खाली घातली. "मंजे रीमाचापन मोडलाच व्हता," ती म्हणाली, आणि रीमाचा उजवा हात ओढून घेऊन त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

वर्षश्राद्ध झालं. त्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. क्षितिजा प्लास्टर गळ्यात अडकवून खुर्चीत बसली होती आणि येणारा प्रत्येक माणूस तिला, "कशी पडलीस?" असं विचारत होता. शेवटी शेवटी ती म्हणायची, "सिंहासनावरून."

तिसऱ्या दिवशी सकाळी दाराशी मेघालीची निळी बॅग भरलेली दिसली. वर क्षितिजाचे फ्रॉक, शाळेची वही. मी पाहिली आणि मागं जाऊन झाडांना पाणी घालत बसलो. सागर दोनदा काही बोलायला आला आणि परत गेला.

नऊ वाजता मेघालीनं हाक मारली. ती ड्युटीच्या कपड्यांत होती.

"बाबा, इकडे या. बसा. हिचं नख दाबून दाखवा मला."

मी दाबलं. पांढरं झालं. सोडलं. गुलाबी झालं.

"पाचही बोटं."

पाचही दाबली. क्षितिजा हसू दाबत माझ्याकडं बघत होती.

"डॉक्टर म्हणालेत आठवडाभर बघायचं. रंग, गरम आहे का, हलतात का, मुंग्या येतात का. दर तासाला." तिनं बॅगेच्या चेनवर हात ठेवला होता. "माझ्या आईचे गुडघे दुखतात. तिला जमेल, नाही असं नाही." मग ती थांबली. "दर तासाला मला फोन करायचा. मी ड्युटीवर असले तरी. ड्युटीवर असले म्हणूनच. एक जरी फोन चुकला, बाबा, तर मी येऊन हिला घेऊन जाईन."

"करीन."

बॅग दाराशीच राहिली. ती स्कूटीवरून गेली.

दहा वाजता मी क्षितिजाची पाचही नखं दाबली. दोनदा. मग मोबाइल घेऊन अंगणात गेलो. जन्मात मी ड्युटीवरच्या माणसाला फोन केला नव्हता. नंबर लावला, कट केला, परत लावला.

पहिल्याच रिंगला तिनं उचलला. मागं ट्रकचा आवाज होता. "काय झालं?" तिचा आवाज घाबरलेला होता. तीही आता आमच्याच घरातली होती.

"काय न्हाय झाला," मी म्हणालो. "गुलाबी हाय."

"पाचही?"

"पाचही."

"बरं. आता अकराला करा."